सत्ता सोडण्याची रीत

अमेरिकेच्या प्रारंभीच्या इतिहासातील कलाटणीचे प्रसंग कोणते, असे विचारले की विद्यार्थी ठरलेली उत्तरे देतो. १७७३ साली बोस्टन बंदरात ईस्ट इंडिया कंपनीचा चहा समुद्रात फेकला गेला. १७७६ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. १७८१ साली यॉर्कटाउन येथे कॉर्नवॉलिसने शरणागती पत्करली. (हाच कॉर्नवॉलिस पुढे १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यास आला.) ही उत्तरे चुकीची नाहीत. परंतु जुनी सत्ता झुगारणे आणि नव्या सत्तेला मर्यादा घालणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी अधिक अवघड आहे.

मार्च १७८३ मध्ये युद्ध जवळजवळ संपले होते. पण सैन्याचे पगार थकले होते आणि कर बसविण्याचा अधिकार नसलेल्या काँग्रेसच्या तिजोरीत खडखडाट होता. न्यूबर्गच्या छावणीत काँग्रेसला धाक घालण्याची चिथावणी देणारी निनावी पत्रके फिरू लागली. १५ मार्च रोजी अधिकाऱ्यांच्या सभेत वॉशिंग्टन अनपेक्षितपणे दाखल झाला. एक पत्र वाचण्यासाठी त्याने चष्मा काढला आणि देशसेवेत केस पिकले, आता दृष्टीही अधू होत चालली, अशा आशयाचे उद्गार काढले. अधिकाऱ्यांचे डोळे पाणावले. बंडाची भाषा तेथेच विरली. त्याच वर्षी २३ डिसेंबरला त्याने अ‍ॅनापोलिस येथे सरसेनापतिपद काँग्रेसच्या स्वाधीन केले आणि तो आपल्या शेतीवाडीवर परतला.

१७८७ साली फिलाडेल्फिया येथे तयार झालेल्या राज्यघटनेने अध्यक्षपदाला चार वर्षांची मुदत घातली. फेरनिवडणुकीवर मात्र बंधन घातले नाही. १७९६ मध्ये तिसऱ्यांदा उभे राहण्याचे नाकारून वॉशिंग्टनने ते स्वतःवर घालून घेतले. तथापि एका थोर पुरुषाच्या संयमावर राज्य कायमचे चालत नाही. खरी कसोटी १८०० च्या कडवट निवडणुकीत लागली. जेफर्सन आणि त्याच्याच पक्षाचा आरन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडली. निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला आणि छत्तिसाव्या मतदानात, १७ फेब्रुवारी १८०१ रोजी, जेफर्सनची निवड झाली. ४ मार्चच्या पहाटे पराभूत अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स शपथविधीला न थांबता राजधानीतून निघून गेला. ते शिष्टाचाराला धरून नव्हते. पण तो गेला, हे महत्त्वाचे.

या चित्राची काळी बाजू झाकून चालणार नाही. त्याच घटनेने प्रतिनिधींची संख्या ठरविताना गुलामांची तीनपंचमांश गणना मान्य केली. ज्यांना मत नव्हते, त्यांच्या संख्येच्या जोरावर त्यांच्या मालकांचे राजकीय बळ वाढले. जेफर्सनचा विजयही या वाढीव बळाशिवाय झाला नसता, असे अनेक इतिहासकार मानतात. १८६० मध्ये लिंकन निवडून येताच गुलामगिरी जपणाऱ्या दक्षिणेतील राज्यांनी तो कौल मानण्याऐवजी संघराज्यातून फुटणे पत्करले. १८६१ ते १८६५ च्या यादवीत सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. अन्यायाशी केलेली तडजोड आणि पराभव न मानण्याची वृत्ती यांची ती किंमत होती.

हा धोका इतिहासजमा झालेला नाही. ६ जानेवारी २०२१ रोजी मतमोजणी चालू असताना पराभूत अध्यक्षाच्या समर्थकांनी अमेरिकेच्या संसद भवनात मुसंडी मारली. मोजणी काही तास खोळंबली, पण दुसऱ्या दिवशी पहाटे पुरी झाली. नियम घटनेत लिहून ठेवता येतात. ते पाळण्याची इच्छा मात्र प्रत्येक पिढीला नव्याने दाखवावी लागते. म्हणूनच वर्गात यॉर्कटाउनची लढाई शिकविणाऱ्या शिक्षकाने अ‍ॅडम्सच्या त्या पहाटेलाही दोन मिनिटे द्यावीत. लोकशाहीत विजय साजरा करणे कोणालाही जमते. पराभूत होऊन मुकाट्याने घरी जाणे शिकावे लागते.