‘त्याचं असंच असतं’ म्हणण्याआधी

डाऊन सिंड्रोमचं मूल आपण बहुतेकींनी पाहिलेलं असतं. चेहरा चपटा, डोळे थोडे तिरपे, बसणं-चालणं उशिरा. या मुलांच्या पेशींत २१ क्रमांकाचं एक गुणसूत्र जास्तीचं असतं. आईने ग्रहण पाळलं की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

या मुलांना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, होण्याचा धोका इतर मुलांपेक्षा दहा ते वीस पट असतो. तरी बहुतेकांना तो कधीच होत नाही, हेही ध्यानात ठेवा.

रक्त तयार होतं हाडांच्या आतल्या मगजात. तिथे बिघडलेल्या पेशी तणासारख्या माजतात आणि चांगलं रक्त दबतं. मग मूल पांढरंफटक पडतं, ताप हटत नाही, मार न लागता अंगावर निळे डाग येतात, टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठतात. चालणारं पोर पायच टेकेना होतं. घरचे म्हणतात, “त्याचं असंच असतं.” अहो, त्याची हाडं दुखत असतील! त्याला सांगता येत नाही. टॉनिकची बाटली आणण्याआधी डॉक्टरांना दाखवा आणि रक्ताची सीबीसी तपासणी करून घ्या.

ही तपासणी जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांतही हवी. अशा दहा बाळांपैकी साधारण एकाच्या रक्तात तेव्हाच बिघडलेल्या पेशी सापडतात. बहुतेकांच्या त्या काही महिन्यांत आपोआप जातात. पण अशा पाचांतल्या एखाद्याला चार वर्षांच्या आत ल्युकेमिया होतो. तेव्हा फाईल माळ्यावर टाकू नका, डॉक्टर बोलावतील तेव्हा जा.

“अशा लेकरावर कशाला खर्च?” असं म्हणणारे भेटतातच. त्यांना सांगा, लहान वयात होणारा हा ल्युकेमिया औषधाला फार चांगली दाद देतो. या मुलांना केमोचा डोस कमी लागतो आणि बहुतेक बरी होतात. दुसऱ्या प्रकारात औषधाचा त्रास जास्त होतो, पण उपचार त्यावरही आहेत.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना मूल दाखवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड, आधार जवळ ठेवा. उपचार सुरू असताना ताप आला, तर सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखाना गाठा.