पाठपुरावा

ग्रामीण आमदाराचं काम बघायचं असेल तर तालुक्याच्या आमसभेला जाऊन बसावं. पंचायत समितीच्या आवारात मांडव पडतो. अध्यक्षस्थानी आमदार. दोन्ही बाजूंना तहसीलदार, गटविकास अधिकारी आणि बांधकाम, पाणीपुरवठा, कृषी, वीज अशा खात्यांचे साहेबलोक. समोर गावोगावचे सरपंच आणि माईक आपल्याकडे कधी येतोय याकडे डोळे लावून बसलेली माणसं. बातमीदारीच्या निमित्ताने मी अशा बऱ्याच सभा ऐकल्या. बहुतेक सभांत आरडाओरडा होतो, ‘नोंद घेतली’ म्हणतात आणि विषय पुढे सरकतो.

एका सभेत मात्र वेगळं पाहिलं. एक शेतकरी उठला. “साहेब, डीपी जळून दीड महिना झाला. विहिरीत पाणी आहे, पण ज्वारी वाळून चालली.” वीज खात्याचे अधिकारी म्हणाले, “रोहित्र उपलब्ध झालं की बसवतो.” आमदारांनी विचारलं, “तारीख सांगा.” अधिकारी कागद चाळू लागले. “तारीख सांगेपर्यंत मी पुढचा विषय घेणार नाही.” मांडवात चुळबुळ झाली, मागून कोणीतरी शिट्टी वाजवली, आमदार जागचे हलले नाहीत. शेवटी शुक्रवार ठरला. स्वीय सहायकाने वहीत गाव, शेतकऱ्याचं नाव आणि वार लिहिला. त्या वहीत आधीच्या सभेचीही पानं होती. झालेल्या कामांवर रेघ मारलेली, राहिलेली तशीच.

त्या वहीवरच आमदारकी चालते, असं माझं मत आहे. ओढ्यावरच्या एका साध्या पुलाचं बघा. ग्रामपंचायतीचा ठराव, आमदाराचं पत्र, बांधकाम उपविभागाचं अंदाजपत्रक, मग अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत कामाचं नाव, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. यातल्या कुठल्याही टेबलावर फाईल पावसाळाभर पडून राहू शकते. मंत्रालयात ती फाईल कोणत्या कक्ष अधिकाऱ्याकडे आहे हे ज्या आमदाराला पाठ असतं, त्याच्या तालुक्यात पूल होतो. ज्याला हे ठाऊक नसतं, त्याच्या तालुक्यात भूमिपूजन होतं.

पत्राने हललं नाही तर सभागृह. प्रश्नोत्तराच्या तासाला तारांकित प्रश्न, नाहीतर नियम १०५ खाली लक्षवेधी. लक्षवेधी लागली की खात्याला लेखी निवेदन तयार करावंच लागतं. मंत्रालयातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून तालुक्याला फोन सुटतात. महिनोन्‌महिने न मिळालेली माहिती दोन दिवसांत गोळा होते. सभागृहात प्रत्यक्ष बोलायला मिळतात ती काही मिनिटंच. त्यात मंत्र्याच्या निवेदनातली चूक दाखवायची, उपप्रश्न विचारायचा आणि ‘तपासून पाहू’ऐवजी ठोस आश्वासन पदरात पाडून घ्यायचं. ज्याने रात्री आमदार निवासात बसून कागद वाचलेत त्यालाच हे जमतं. आश्वासन एकदा कार्यवाहीत नोंदलं गेलं की ते आश्वासन समितीपुढे जातं. सरकार बदललं तरी कागद राहतो.

हे काम कसं करावं याचा धडा महाराष्ट्राला सांगोल्याने दिला. गणपतराव देशमुख, तालुक्याचे आबासाहेब, शेतकरी कामगार पक्षाकडून १९६२ साली पहिल्यांदा निवडून आले. १९७२ आणि १९९५ ला पराभव झाला, तरी २०१४ पर्यंत एकूण ११ वेळा त्यांनी सांगोल्यातून विजय मिळवला. पेशाने वकील. दोनदा थोड्या काळासाठी मंत्री झाले, पण हयात बहुतेक विरोधी बाकावर गेली. सत्ता नसताना, साखरेच्या श्रीमंतीपासून लांब असलेल्या दुष्काळी तालुक्यात एवढ्या वेळा निवडून येणं पैशाच्या जोरावर होत नाही. ते एसटीने फिरायचे. आमदारांसाठी राखून ठेवलेली जागा एसटीत असते, त्या जागेचा उपयोग करणारे ते आमदार होते. त्या प्रवासात शेजारी येऊन बसणारा कोणीही आपलं गाऱ्हाणं सांगू शकायचा, चिठ्ठीची गरज नव्हती.

मला त्यांच्या साधेपणापेक्षा चिकाटी मोठी वाटते. साधेपणाच्या गोष्टी सगळे सांगतात, पाण्याची गोष्ट सांगायला वेळ लागतो. कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना द्या, ही मागणी त्यांनी सभागृहात आणि रस्त्यावर वर्षानुवर्षं लावून धरली. आटपाडीच्या पाणी परिषदेत क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि ते एकत्र उभे राहिले. पाणी समान वाटा, ही त्या चळवळीची भूमिका होती. टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी टप्प्याटप्प्याने माणदेशाकडे सरकलं, त्यामागे अनेकांचे कष्ट आहेत, पण अधिवेशनामागून अधिवेशन तोच विषय काढणारा आमदार नसता तर हा विषय कागदावरच विरला असता. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचं निधन झालं.

आज आमदाराचा दिवस कशात जातो ते जवळून पाहिलं की वाईट वाटतं. लग्नसराईत एका दिवसात किती मांडव, किती दहावे, किती वास्तुशांती! न गेलं तर माणसं दुखावतात, पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवतात. अधिवेशन चालू असताना तालुक्यातून फोन येतो, “साहेब, हळदीला तरी या.” साहेब रात्रीची गाडी पकडतात आणि सकाळची लक्षवेधी तशीच राहते. आमदार निधी वर्षाला ५ कोटींवर गेला, त्यामुळे सभामंडप आणि हायमास्ट दिवे मागणारेही वाढले. ओढ्यावरच्या पुलाची फाईल विचारायला येणारे मात्र थोडेच.

याला आपण मतदारही जबाबदार आहोत. पत्रिकेवर आमदाराचं नाव छापण्याआधी त्याने गेल्या अधिवेशनात आपल्या तालुक्याबद्दल काय विचारलं, एवढं एकदा पाहा. विधानसभेची कार्यवाही विधिमंडळाच्या संकेतस्थळावर वाचायला मिळते. ती वाचा, छापून घ्या आणि पुढच्या आमसभेला सोबत घेऊन जा.