चिखलातले चाक आणि टाकीतला वायू

मृगाचा पाऊस पडून गेला की बीदर जिल्ह्यातील औराद व भालकी आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या भागांतील काळी जमीन आपले खरे स्वरूप दाखवू लागते. उन्हाळ्यात भेगाळलेली हीच माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला चिकटून बसते. अशा वाटेने जीप न्यावयाची झाल्यास जाणता चालक प्रथम टायरमधील हवा कमी करतो. तीस पौंडांचा दाब पंधरावर आला की टायर जमिनीवर अधिक पसरतो, गाडीचे वजन मोठ्या जागेवर वाटले जाते आणि चाक कमी रुतते.

परंतु डांबरी सडक लागताच हाच उपाय अपायकारक ठरतो. हवा कमी असलेल्या टायरच्या बाजू वेगामध्ये सतत दुमडतात, तापतात आणि अखेर टायर फुटण्याची भीती असते. म्हणून गेलेली हवा तेथल्या तेथे पुन्हा भरणे अगत्याचे असते. पंक्चर काढणाऱ्याचे दुकान मात्र पुष्कळदा कित्येक मैल दूर असते. हातपंपाने दम लागतो, विजेवरच्या लहान पंपाला वेळ लागतो. म्हणून काही चालक गाडीतच दाबाखालील वायूची टाकी बाळगतात. काही गाड्यांतील डिफरन्शियल जखडणारे कुलूप आणि भोंगा हेही अशाच दाबावर चालविता येतात.

या टाकीत बहुधा साधी हवा नसून कार्बन डायऑक्साइड असतो. याचे कारण साध्या हिशेबाने ध्यानात येते. दहा लिटरच्या टाकीत दहा वातावरणांच्या दाबाने हवा भरली, तर ती मोकळी सोडल्यावर सुमारे शंभर लिटर भरते. कार्बन डायऑक्साइड मात्र दाबाखाली द्रवरूप होतो. त्याच टाकीत तो सहा किलो मावतो, आणि एका किलोपासून साधारण ५५० लिटर वायू मिळतो. म्हणजे एकूण तीन हजार लिटरांहून अधिक. साठ लिटर पोकळीच्या चार टायरांचा दाब पंधरा पौंडांवरून तीसवर नेण्यास सुमारे २४० लिटर, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी वायू पुरतो. शिवाय द्रव शिल्लक असेपर्यंत टाकीतील दाब फारसा उतरत नाही.

येथे एका शास्त्रीय शोधाचा उल्लेख केला पाहिजे. ३१ अंश सेल्सिअसच्या वर कितीही दाब दिला तरी कार्बन डायऑक्साइड द्रवरूप होत नाही, हे बेलफास्टचे प्राध्यापक टॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ साली मांडले. योगायोग असा की, ज्या हवेच्या टायरसाठी हा वायू आज वापरला जातो, त्या टायरचे पेटंट त्याच बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ साली घेतले.

अँड्र्यूज यांच्या या शोधाचा कलबुर्गीच्या उन्हाळ्याशी थेट संबंध आहे. वीस अंशांवर टाकीतील दाब सुमारे ५७ वातावरणे असतो. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो आणि बंद गाडीत त्याहूनही अधिक चढतो. अशा वेळी टाकीतील द्रव उरतच नाही आणि दाब झपाट्याने वाढतो. म्हणून टाकी ठरलेल्या वजनापेक्षा अधिक भरून घेऊ नये आणि उन्हात ठेवू नये. तिला दाबनियंत्रक व सुरक्षा-झडप असलीच पाहिजे. वापरताना टाकी उभी धरावी. आडवी केल्यास अतिथंड द्रव बाहेर येऊन हात भाजल्यासारखा होतो. ती गाडीत घट्ट बांधून ठेवावी व काचा उघड्या असाव्यात. हा वायू हवेपेक्षा जड असून हवेत त्याचे प्रमाण शेकडा दहा झाले तर माणसाची शुद्ध थोड्याच वेळात हरपते.

सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. वेल्डिंगची ऑक्सिजनची टाकी जवळ असली की तिनेच टायर भरण्याचा मोह होतो. तेल वा ग्रीस यांच्याशी दाबाखालील ऑक्सिजनचा संबंध येताच ते पेट घेऊ शकतात. म्हणून ऑक्सिजनने टायर कधीही भरू नये. स्वयंपाकाचा गॅस तर मुळीच नव्हे. विमानांच्या चाकांत ज्वलनाला साहाय्य न करणारा नायट्रोजन भरतात तो याच विचाराने.

कार्बन डायऑक्साइड रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो. त्यामुळे गावी परतल्यावर तो सोडून साधी हवा भरून घेणे बरे. टाक्यांविषयीचे नियम २०१६ सालचे असून त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. टाकी घेताना तिच्यावर ठोकलेली चाचणीची तारीख वाचावी आणि ती परवानाधारक केंद्रातूनच भरून घ्यावी. टाकीची किंमत किती, हा प्रश्न त्यानंतर विचारावा.