सुरक्षाव्यवस्था, स्थानिक

गाव, पेठ किंवा मोहल्ला यांतील रहिवाशांच्या सहकार्याने जीवित, मालमत्ता व शांतता यांचे रक्षण करण्याची व्यवस्था. घडलेल्या गुन्ह्याचा तपास हे पोलिसांचे सर्वपरिचित काम होय. परंतु गुन्हा वा दंगा घडू नये यासाठी लागणारी माहिती बहुधा स्थानिक लोकांपाशीच असते. रॉबर्ट पील याने १८२९ मध्ये लंडनचे पोलीसदल उभारले. पोलिसांचे यश जनतेच्या संमतीवर अवलंबून असते, हे तत्त्व त्याच्या परंपरेत पुढे रूढ झाले. महाराष्ट्रात गावाने स्वतःच्या रक्षणाची जबाबदारी घेण्याची प्रथा याहून जुनी आहे. तिचे गुण आणि दोष कोल्हापूर परिसराच्या इतिहासात स्पष्ट दिसतात.

वतनी पद्धतीत गावच्या बंदोबस्ताचा भार पाटलावर असे. महार, जागले, रामोशी आणि दक्षिण भागात बेरड हे त्याच्या हाताखाली राखणदारी करीत. रात्रीची गस्त, परक्या इसमाची खबर देणे आणि चोरांचा माग काढणे ही त्यांची कामे होत. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचविला, की पुढील शोधाची जबाबदारी त्या गावाकडे जाई. जेथे माग संपे, तेथील राखणदारांना वा गावाला चोरीची भरपाई द्यावी लागे. त्यामुळे चोरी ही एका घराची बाब न राहता साऱ्या गावाची होई.

या व्यवस्थेची दुसरी बाजू संशयाची होती. राखणदारी करणाऱ्या जातींपैकी काहींना जन्मावरूनच गुन्हेगार मानले जाई. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या समजुतीस कायद्याचे रूप दिले. कोल्हापूर संस्थानातही महार, मांग, रामोशी व बेरड या जातींच्या लोकांना, गुन्हा शाबीत झालेला नसतानाही, रोज हजेरी द्यावी लागे. परगावी मुक्कामाने राहून रोजगार मिळविणे त्यामुळे अवघड होई. शाहू महाराजांनी (कार. १८९४–१९२२) १९१८ मध्ये ही हजेरी बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी पहारेकरी म्हणून नेमले. ज्यांच्यावर पाळत ठेवावयाची, त्यांच्यावरच रक्षणाची जबाबदारी सोपविण्याचा हा निर्णय होता. गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी १ जानेवारी १९६३ पासून संपुष्टात आली आणि महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ अन्वये पोलीस पाटील हे नियुक्तीचे पद निर्माण झाले. पोलीस पाटील हा स्थानिक रहिवासी असून त्यास मानधन मिळते. गुन्ह्याची व अनैसर्गिक मृत्यूची खबर देणे, सार्वजनिक शांततेविषयी वरिष्ठांना माहिती पुरविणे आणि तपासात साहाय्य करणे ही त्याची प्रमुख कर्तव्ये होत. गावातील प्रत्येकास तो ओळखतो, हे त्याचे सामर्थ्य. गावातील भावकी व गटबाजी यांपासून तो सहसा अलिप्त राहू शकत नाही, ही त्याची मर्यादा. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेतही हाच प्रश्न होता. बांधाचा तंटा गावात मिटला, तर कोर्टकचेरीचा खर्च वाचतो. मात्र दुर्बल पक्षावर तडजोड लादली गेली, तर शांतता दिसते, पण न्याय होत नाही.

शहरात पोलीस पाटलाऐवजी पोलीस चौकी, गस्त आणि शांतता समित्या असतात. कोल्हापुरात पेठांमधील तालमींचे यासंबंधातील महत्त्व विशेष आहे. कुस्ती, फुटबॉल व गणेशोत्सव यांतून तालमींनी तरुणांचे संघटन केले असून काही तालमींत गणपती व मोहरमचे पंजे यांची परंपरा एकत्र चालत आली आहे. अशा संबंधांना नियमित पोलीस-संपर्काची जोड दिल्यास काय साधते, हे भिवंडीत (जि. ठाणे) दिसून आले. १९८४ च्या भीषण दंगलीनंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून तेथे मोहल्ला समित्या स्थापिल्या. दोन्ही समाजांतील सामान्य रहिवासी आणि पोलीस शांततेच्या काळातही त्यांत नियमित भेटत. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. याउलट, ७ जून २०२३ रोजी समाजमाध्यमांवरील मजकुरावरून कोल्हापुरात दंगा उसळला, तेव्हा अफवेचा वेग परिचयाच्या बंधांहून अधिक ठरला.

स्थानिक सुरक्षेचे बळ ओळखीत आहे आणि तिचा धोकाही ओळखीतच आहे. तंटा उद्भवण्यापूर्वीचा नियमित संपर्क, समित्यांत स्त्रिया व दुर्बल घटकांना स्थान, दखलपात्र गुन्ह्यांत तडजोडीस मज्जाव आणि जातीवरून संशय न घेण्याचा दंडक, या अटी पाळल्या गेल्यास शेजाऱ्याची नजर पाळत न ठरता आधार ठरते.