पिशवीवरचा पत्ता

शेंगाची चटणी आणि कडक भाकरी या दोन जिनसांनी सोलापूरचे नाव दूरवर नेले. ही चटणी उखळात कांडणारे, ही भाकरी थापणारे हात कोणाचे, हे खाणाऱ्याने कधी विचारले नव्हते. आता तो प्रश्न कायदा विचारतो. आणि कायद्याने विचारला म्हणून दुकानदारालाही तो सुचू लागला आहे.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई दिवसा विड्या वळते आणि रात्री चटणी कांडते. बाबासाहेबांच्या नावाच्या वस्तीत दोन खणांचे घर. 'नंबर आणा, नाहीतर माल बंद,' असे एका दुकानदाराने सांगितले, तेव्हा मुलगी अर्ज घेऊन माझ्याकडे आली. अर्ज भरण्याच्या निमित्ताने मी हा कायदा प्रथमच नीट वाचला.

अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम २००६ साली झाला आणि त्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आले. १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा त्याने मोडीत काढला. असा कायदाच नको, असे मी म्हणणार नाही. भेसळीचे तेल आधी गरिबाच्या पोटात जाते. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातले विष डोळ्यांना दिसत नाही, पण यकृत पोखरते. स्वच्छ अन्न ही आपलीही मागणी आहे. प्रश्न आहे तो कायद्याने रेषा कोठे ओढली याचा.

कलम १८ म्हणते की हा कायदा शेतकऱ्याला आणि त्याच्या शेतावरच्या पिकाला लागू नाही. मंगळवेढ्याचा शेतकरी ज्वारीचे पोते विकतो, तो मोकळा. तीच ज्वारी विकत घेऊन भाकरी थापणारी बाई मात्र 'अन्न व्यावसायिक' ठरते. आपल्यातल्या बहुसंख्यांच्या नावावर सातबारा नाही. म्हणजे सवलत जमिनीला मिळाली. श्रमाला नोंदणी मिळाली.

नोंदणी तशी अवघड नाही. कलम ३१ ने लहान उत्पादक, फेरीवाले, घरगुती उद्योग यांना परवान्यातून वगळून केवळ नोंदणी सांगितली आहे. २०११ च्या नियमांनी त्यासाठी वार्षिक १२ लाखांच्या उलाढालीची मर्यादा आणि वर्षाला १०० रुपये फी ठरवली. सात दिवसांत नोंदणी, नकार किंवा तपासणीची नोटीस यांपैकी काही आले नाही, अथवा तीस दिवसांत निर्णय कळला नाही, तर धंदा सुरू करता येतो, अशीही तरतूद त्या नियमांत होती. ही गोष्ट वस्तीत कोणालाच ठाऊक नव्हती. शंभराच्या नोंदणीसाठी मध्यस्थ किती मागतात, ते कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी विचारून पाहावे.

खरी अडचण चौथ्या अनुसूचीत आहे. जागा घाणेरड्या परिसरापासून मुक्त हवी, पाणी पिण्यालायक हवे, सांडपाण्याचा निचरा हवा. अटी रास्तच आहेत. पण वस्ती नाल्याकाठी कोणी बसवली? उघडे गटार त्या बाईने खणले नाही. तंबाखूचा पुडा आणि चटणीचे उखळ एका खोलीत असू नये, हे तिला माझ्याहून अधिक कळते. दुसरी खोली नाही एवढेच. गावकुसाबाहेर ढकलणाऱ्यांना दंड नाही, तेथे राहणारीला आहे. कमी दर्जाच्या मालाबद्दल अशा लहान उत्पादकाला पंचवीस हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

तरी नंबर मिळाला. चौदा आकडी. मग लेबलाची वेळ आली. पिशवीवर घटक, वजन, तारीख आणि करणाऱ्याचे नाव व पूर्ण पत्ता छापावा लागतो. मुलीने हळूच विचारले, "सर, वस्तीचं नाव छापायलाच लागतं का?" मी नियम दाखवला. पिशव्या दुकानात गेल्या आणि चार दिवसांनी परत आल्या. दुकानदार जातीचे अक्षरही बोलला नाही. तो म्हणाला, "गिऱ्हाईक पत्ता वाचतंय. लेबल आमचं लावा, तुमचा नंबर बारीक टाकू."

'असुरक्षित अन्न' म्हणजे काय याची कायद्यात लांबलचक यादी आहे: विषारी द्रव्य, सडणे, किडणे, अस्वच्छ जागी तयार होणे. करणाऱ्याचा जन्म त्यात नाही. गिऱ्हाइकाच्या डोक्यातली यादी मात्र वेगळी आहे, आणि ती जुनी आहे. २० मार्च १९२७ ला महाडचे तळे 'बाटले', तेव्हा ते १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून शुद्ध करण्यात आले. आजचा अन्न निरीक्षक त्या शुद्धीलाच दूषित म्हणेल!

नावाचा असा उपयोग केवळ दुकानदारच करतो असे नाही. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरील खानावळींनी मालकांची नावे लावावीत, असा फतवा पोलिसांनी काढला. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो स्थगित केला; अन्न कोणते ते सांगा, मालक कोण हे सांगण्याची सक्ती नको. पिशवीवरच्या पत्त्याची गोष्ट निराळी आहे. भेसळ झाली तर माणूस सापडला पाहिजे, म्हणून तो लागतो. परंतु तो शोधायला अधिकाऱ्याला नंबर पुरेसा आहे. मग गिऱ्हाइकाला वस्तीचे नाव कशासाठी? नियम करणाऱ्यांना हा प्रश्न पडला नसावा; त्यांच्या पत्त्यांनी त्यांचा माल कधी परत आणला नसेल.

सध्या ती बाई दोन्ही प्रकारे माल देते. स्वतःच्या लेबलाची चटणी आमच्या कॉलेजातले काहीजण घेतात, १४ एप्रिलला मिरवणुकीच्या वाटेवर ती बरी खपली. बाकीची त्याच उखळातून निघून दुकानाच्या पिशवीत जाते. ती महाग आहे आणि तीच अधिक खपते.