लघुआज्ञा, गणितीय अक्षरजुळणीतील

संगणकाने गणिताची अक्षरजुळणी करताना वारंवार लागणाऱ्या आज्ञांच्या समूहास लेखकाने दिलेले संक्षिप्त नाव. यास ‘मॅक्रो’ असेही म्हणतात. संहितेत हे नाव आले की, त्याच्या जागी व्याख्येतील मूळ आज्ञा घालून मग जुळणी केली जाते.

घातांक, अपूर्णांक, समाकलचिन्हे इत्यादींमुळे खिळ्यांनी गणित जुळविणे अवघड व खर्चिक असे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या ब्रायन कर्निगन व लॉरिंडा चेरी यांनी १९७५ मध्ये वर्णन केलेल्या ‘ईक्यूएन’ भाषेत लघुआज्ञांची सोय होती. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉनल्ड कनूथ यांनी १९७७ मध्ये ‘टेक’ या प्रणालीची आखणी सुरू केली. तिच्या आधारे लेस्ली लँपोर्ट यांनी १९८०–९० या दशकात ‘लाटेक’ रचली. टेकमध्ये ‘डेफ’, तर लाटेकमध्ये ‘न्यूकमांड’ या आज्ञेने लघुआज्ञेची व्याख्या करतात. लघुआज्ञेस जास्तीत जास्त नऊ प्राचल देता येतात. उदा., आंशिक अवकलजासाठी दोन प्राचलांची लघुआज्ञा केल्यास केवळ फलन व चल लिहून संपूर्ण अपूर्णांक मिळतो.

श्रम वाचणे हा लघुआज्ञेचा गौण लाभ होय. ती चिन्हाच्या रूपाऐवजी त्याचा अर्थ नोंदविते, हा मुख्य लाभ. सदिश राशीसाठी ‘सदिश’ या अर्थाची लघुआज्ञा योजली असेल, तर बाणाऐवजी ठळक अक्षर हवे असता एकच व्याख्या बदलावी लागते. अन्यथा ग्रंथभर दुरुस्ती करावी लागते.

नाव निवडताना मात्र दक्षता हवी. ‘डेफ’ जुनी व्याख्या कोणतीही सूचना न देता पुसून टाकते. ‘ओ’ ही आज्ञा डॅनिश व नॉर्वेजियन लिपींतील एका अक्षरासाठी राखीव आहे. ती ओमेगासाठी वापरल्यास संदर्भसूचीतील व्यक्तिनामे बिघडतात. ‘न्यूकमांड’ असे नाव आधीच अस्तित्वात असल्यास ते नाकारते. समीकरणाच्या आरंभ-अंताच्या आज्ञाही पुष्कळ लेखक संक्षिप्त करतात. एकेरी समीकरणात हे चालते. परंतु अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ‘एएमएसमॅथ’ संचातील ‘अलाइन’ या बहुपंक्ती रचनेत अंताची आज्ञा अक्षरशः सापडेपर्यंत मजकूर गोळा केला जातो. ती लघुआज्ञेत दडलेली असल्यास ओळखली जात नाही व जुळणी थांबते.

सहलेखक व संपादक यांनाही संहिता वाचावयाची असते. म्हणून लघुआज्ञा मोजक्या, अर्थवाही व संहितेच्या प्रारंभी एकत्र दिलेल्या असाव्यात.