दोन वाद्यं, एक श्वास



लग्नाच्या मांडवात सनई वाजते, तेव्हा आपलं लक्ष पाहुण्यांकडं आणि पंगतीकडं असतं. वाजवणाऱ्याला श्वास कसा पुरतो, हे कुणी विचारत नाही. आज सनईच्याच जातीच्या एका परदेशी वाद्याची ओळख करून घेऊ. त्याचं नाव ओबो.

ओबो सनईपेक्षा सडपातळ असतो. बहुतेक काळ्या लाकडाचा, अंगावर धातूच्या चकचकीत चाव्या. तोंडाशी मात्र सनईसारखीच जोडपत्ती असते. दोन पातळ पात्या एकमेकींना बांधलेल्या. वाजवण्याआधी त्या ओल्या करतात. दोन पात्यांमधली फट इतकी बारीक, की फुंकर फार थोडी आत जाते. त्यामुळं वाजवणाऱ्याची अडचण उलटीच होते. छातीत हवा उरते, पण ती शिळी. नवा श्वास घेण्याआधी जुना सोडावा लागतो, आणि त्यासाठी सुरांमध्ये क्षणभर जागा लागते.

ती जागा सोबतच्या पियानोवाल्यानं द्यायची असते. पियानोची पट्टी दाबली की आतली छोटी हातोडी तारेवर पडते. त्याला श्वास लागत नाही, तो न थांबता वाजू शकतो. म्हणूनच पियानोवाल्याला ओबोवाल्याच्या श्वासाकडं कान ठेवावा लागतो. अशा मोजक्या वादकांच्या बैठकीला चेंबर म्युझिक म्हणतात, म्हणजे खोलीत बसून ऐकायचं संगीत. इथं काठी हलवून सगळ्यांना सांभाळणारा कुणी नसतो. एकमेकांना आपणच सांभाळायचं.

या दोन वाद्यांसाठीची एक प्रसिद्ध रचना जर्मनीत ड्रेस्डेन शहरात, 1849 च्या डिसेंबरात तयार झाली. रॉबर्ट शुमान यांनी तीन छोटे तुकडे लिहिले आणि नाताळची भेट म्हणून पत्नी क्लाराला दिले. तिन्ही मिळून जेमतेम दहा-बारा मिनिटांचे. पण ओबोवाल्याची कसोटी पाहणारे, कारण सूर लांबच लांब आणि विसावा थोडा.

क्लारा स्वतः मोठी पियानोवादक. अकराव्या वर्षी तिनं लाइपझिगमध्ये स्वतःचा कार्यक्रम केला होता. लग्नानंतर मात्र, रॉबर्ट संगीत रचत असले की तिला सराव करता येत नसे. आपलं वाजवणं मागं पडतंय, हे तिनं रोजनिशीत लिहून ठेवलं. ही भेट मिळाली तेव्हा घरात पाच मुलं होती. पुढं 1854 मध्ये रॉबर्ट मनाच्या आजारानं रुग्णालयात गेले, आणि 1856 मध्ये वारले. सात मुलं क्लाराच्या पदरात. तिनं गावोगावी पियानोचे कार्यक्रम केले आणि त्यावर घर चालवलं. पुढं जर्मनीच्या शंभर मार्कांच्या नोटेवर तिचं चित्र छापलं गेलं.

तर बायांनो, हे संगीत कधी कानावर पडलं, तर तीन गोष्टी ऐका. ओबो श्वास कुठं घेतो? तेव्हा पियानो काय करतो? आणि मुख्य सूर पियानोकडं कधी येतो?

आपल्या आज्या एका जात्यावर दोघी बसायच्या. एकीला दम लागला की दुसरी ओवी उचलायची, पण जातं थांबायचं नाही. तुमच्या गटात ओवी येणारी कुणी असेल, तर पुढच्या बैठकीत दोघींना समोरासमोर बसवा, आणि बाकीच्यांनी नुसतं ऐका. दुसरीनं ओवी नेमकी कधी उचलली, ते एकमेकींना सांगा.